भ्रमणवक्र स्वतः बसवून पाहा: एक दीर्घिका, दोन उत्तरं

नागपुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा एमएस्सीला ‘डार्क मॅटर’ हा प्रकल्पाचा विषय घेतला, की बहुतेक अहवाल एकाच साच्यातून निघतात. आधी झ्विकी, मग व्हेरा रुबिन, मध्ये इंटरनेटवरून उतरवलेला एक आलेख आणि शेवटी ‘विश्वाचा मोठा भाग अदृश्य आहे’ हे वाक्य. स्वतः काढलेला आकडा त्यात एकही नसतो. तो काढणं तसं अवघड नाही. बारावीचं गणित, साधा लॅपटॉप आणि दोन-तीन संध्याकाळी हाताशी असल्या, की खऱ्या दीर्घिकेच्या भ्रमणवक्रावर, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरानुसार फिरण्याच्या वेगाच्या मोजलेल्या आलेखावर, कृष्णपदार्थ (डार्क मॅटर) आणि बदललेलं गुरुत्वाकर्षण ही दोन्ही उत्तरं तुम्हाला लावून पाहता येतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ह्या विषयात भांडण अदृश्य पदार्थावरून चालतं, पण चुका होतात त्या दिसणाऱ्या पदार्थाच्या हिशेबात. त्यामुळे चौथी पायरी घाईत उरकू नका.

१. प्रश्न नेमका कुठे अडतो ते पाहा

सूर्याभोवती पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किमी वेगाने फिरते, गुरू १३ आणि नेपच्यून ५.४. अंतर वाढलं की वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, कारण जवळजवळ सगळं वस्तुमान मधोमध आहे. दीर्घिकेतही चमकदार तबकडी संपल्यावर वेग असाच उतरायला हवा. १५ किलोपार्सेकवर (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं) १५० किमी/से असेल, तर ३० वर तो १०६ च्या आसपास यावा.

तसं होत नाही. १९७० मध्ये रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेचा वेग मोजला. पुढे हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींमुळे ताऱ्यांच्या तबकडीच्या कितीतरी बाहेरचा वेग मोजता येऊ लागला, आणि वक्र बाहेरही सपाटच राहतो हे पक्कं झालं. सप्तर्षीतली एनजीसी ३१९८ ही ह्याचं नेहमीचं उदाहरण. तिचा वेग ३० किलोपार्सेकच्याही पलीकडे १५० किमी/से च्या आसपास टिकून असतो. (एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास ती नागपूरहून उत्तरेला साधारण ६५ अंशांवर असते. सीताबर्डीच्या उजेडात ती दिसेल ही आशा मात्र सोडा.)

ह्यावर दोन उत्तरं आहेत. एक, न दिसणारं वस्तुमान आहे. दुसरं, अतिशय क्षीण त्वरणाला न्यूटनचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. हे दुसरं उत्तर मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये मांडलं. त्यालाच मॉन्ड म्हणतात.

२. लागणारं सामान

- लॅपटॉप. गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क पुरतं. पायथन येत असेल तर नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब; कोलॅबवर ही तिन्ही आधीपासूनच असतात.
- ‘स्पार्क’ या संग्रहाची भ्रमणवक्रांची फाइल. लेली, मॅकगॉ आणि शॉम्बर्ट यांनी २०१६ मध्ये १७५ दीर्घिकांचे वक्र एकत्र करून सगळ्यांसाठी मोफत खुले केले. फाइल साधी मजकुराची आहे, मोबाइलच्या डेटावरही सहज उतरते.
- त्याच संग्रहातली दीर्घिकांची मुख्य सारणी. अंतर, कल (तबकडी आपल्या नजरेला किती तिरकी आहे तो कोन), त्यांची अनिश्चितता आणि दर्जाचा शेरा (१, २, ३) तिच्यात असतो. विद्यार्थी ही सारणी हमखास विसरतात आणि मग सातव्या पायरीवर अडकतात.
- हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: गुरुत्व स्थिरांक ०.०००००४३ (किलोपार्सेक, किमी/से आणि सूर्याचं वस्तुमान ह्या एककांत). मॉन्डचं त्वरण १.२ × १०^−१० मीटर/सेकंद². आणि हेच त्वरण आपल्या एककांत ३७०० (किमी/से)² प्रति किलोपार्सेक.

खोडदच्या जीएमआरटीची कच्ची निरीक्षणं घेऊन सुरुवात करायचा मोह होतो, कारण दुर्बीण आपल्या राज्यातली आहे. एका सत्राच्या प्रकल्पात ते करू नका. कच्च्या रेडिओ निरीक्षणातून वेगाचा नकाशा काढणं हे स्वतंत्र काम आहे, त्यातच महिने जातात.

३. फाइल उघडा, स्तंभ ओळखा

प्रत्येक दीर्घिकेची फाइल वेगळी असते. पहिल्या ओळीत मेगापार्सेकमध्ये अंतर, त्याखाली स्तंभांची नावं आणि एककं. क्रम असा: त्रिज्या (किलोपार्सेक), मोजलेला वेग, त्याची त्रुटी, वायूचा वेग, तबकडीचा वेग, फुगवट्याचा (मध्यभागच्या ताऱ्यांच्या गोळ्याचा) वेग, आणि शेवटी पृष्ठतेजाचे दोन स्तंभ. शेवटच्या दोन स्तंभांची तुम्हाला गरज नाही.

‘वायूचा वेग’ म्हणजे वायू ज्या वेगाने फिरतो तो नव्हे. दीर्घिकेत फक्त वायू असता, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणापुरता जो वेग लागला असता तो. तबकडी आणि फुगवट्याचंही तसंच. मोजलेला वेग एकच आहे, तो दुसऱ्या स्तंभातला. बाकीचे तीन हिशेबाने काढलेले आहेत.

तबकडी आणि फुगवट्याचे आकडे, ताऱ्यांचं वस्तुमान–प्रकाश गुणोत्तर (सूर्याच्या मानाने दर एकक प्रकाशामागे किती वस्तुमान) १ धरून दिलेले आहेत. ते तसेच्या तसे वापरले तर दीर्घिका भलतीच जड होते. ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

सुरुवातीला फुगवटा नसलेली, दर्जा १ ची आणि ४० ते ८० अंश कलाची दीर्घिका निवडा. एनजीसी ३१९८ किंवा एनजीसी २४०३ घेतली तर छान.

४. दिसणाऱ्या वस्तुमानाचा हिशेब

वेगांची थेट बेरीज करायची नाही, त्यांच्या वर्गांची करायची:

दृश्य वेग² = वायू² + गुणोत्तर × तबकडी² + गुणोत्तर × फुगवटा²

तबकडीसाठी ०.५ आणि फुगवट्यासाठी ०.७ पासून सुरुवात करा. हे आकडे ३.६ मायक्रॉन ह्या अवरक्त तरंगलांबीसाठी आहेत. स्पार्कमधला प्रकाश स्पिट्झर दुर्बिणीने तिथेच मोजला आहे. तीच तरंगलांबी का? निळा प्रकाश मूठभर तरुण, भडक ताऱ्यांकडून येतो, त्यामुळे त्यावरून वस्तुमान काढलं की फसायला होतं. अवरक्त प्रकाश बहुतांशी जुन्या ताऱ्यांचा असतो, शिवाय धूळही तो फारसा अडवत नाही.

तरीही अंदाज तो अंदाजच. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग लांबून पाहिला, तर तो केवढा आहे ते कळतं. फळ रसाने भरलंय की आतून सुकलंय ते कळत नाही, आणि वजन त्यावरच ठरतं. ह्या गुणोत्तरात सुमारे २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. म्हणजे ०.४ ते ०.६३ ही सगळी चालणारी किंमत झाली. ही मोकळीक लक्षात ठेवा, पुढच्या दोन्ही पायऱ्यांत ती उपयोगी पडते.

वायूच्या स्तंभात मध्याजवळ कधी कधी ऋण आकडे येतात. ती छपाईची चूक नाही. वायूच्या तबकडीत मध्ये पोकळी असली, की बाहेरचं कडं आतल्या कणाला बाहेर ओढतं. अशा ओळीत नुसता वर्ग केला तर ऋण चिन्ह नाहीसं होतं आणि बाहेरची ओढ आतली होऊन बसते. म्हणून वर्गाऐवजी ‘वेग × वेगाचं निरपेक्ष मूल्य’ असं सूत्र सगळ्या स्तंभांना लावा. आणखी एक, वायूच्या आकड्यात हेलियमचा वाटा आधीच धरलेला आहे. पुन्हा १.३३ ने गुणू नका.

एक ओळ हाताने सोडवू. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत: त्रिज्या १०, मोजलेला वेग १५०, वायू ३०, तबकडी १४०, फुगवटा शून्य.

गुणोत्तर ०.५ धरलं तर ९०० + ०.५ × १९,६०० = १०,७००. वर्गमूळ १०३.४ किमी/से. मोजलेल्या १५० च्या मानाने बरंच कमी, म्हणजे तूट आहे. गुणोत्तर ०.४ धरलं तर ९०० + ७,८४० = ८,७४०, म्हणजे ९३.५ किमी/से.

शीटमध्ये ही दोन्ही गुणोत्तरं सूत्रात कोंबू नका, वरच्या वेगळ्या चौकटींत ठेवा आणि सूत्रातून त्यांचा संदर्भ द्या. पुढे ती पन्नास वेळा बदलायची आहेत.

५. आधी मॉन्ड लावा

मॉन्ड आधी, कारण त्यात फिरवायला खुंट्या, म्हणजे जुळवून घ्यायचे मोकळे आकडे, कमी आहेत. दृश्य वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की दृश्य पदार्थाचं त्वरण मिळतं. मग:

खरं त्वरण = दृश्य त्वरण ÷ [१ − एक्स्प(−√(दृश्य त्वरण ÷ ३७००))]

एक्स्प म्हणजे ‘ई’चा घात. खऱ्या त्वरणाला त्रिज्येने गुणून वर्गमूळ घेतलं की अपेक्षित वेग हाती येतो.

वरच्या ओळीत गुणोत्तर ०.५ असताना दृश्य त्वरण १०,७०० ÷ १० = १०७०. कंसातला भाग ०.४१६ येतो. १०७० ÷ ०.४१६ = २५७२, आणि वेग १६० किमी/से. मोजलेला १५०. दहाने जास्त. आता गुणोत्तर ०.४ करा: दृश्य त्वरण ८७४, कंस ०.३८५, खरं त्वरण २२७१, वेग १५०.७. बसलं. गुणोत्तर चालणाऱ्या टप्प्यातच राहिलं आणि कोणताही नवा पदार्थ आणावा लागला नाही. एका ओळीवर एवढं जमणं मात्र विशेष नाही. खरी कसोटी अशी, की तेच एक गुणोत्तर दीर्घिकेच्या सगळ्या ओळींना चालायला हवं.

हे सूत्र मॅकगॉ, लेली आणि शॉम्बर्ट यांनी २०१६ मध्ये १५३ दीर्घिकांच्या २६९३ बिंदूंवर बसवलेलं आहे. मॉन्डमध्ये न्यूटनी आणि क्षीण टोकं जोडणारी इतरही सूत्रं वापरली जातात, आणि त्यांची उत्तरं मधल्या त्वरणाला थोडी वेगळी येतात. एकच निवडा, अहवालात लिहा, आणि फिट वाईट आलं म्हणून मध्येच बदलू नका.

झटपट पडताळणी: अगदी बाहेरच्या सपाट भागात वेगाचा चौथा घात = गुरुत्व स्थिरांक × दृश्य वस्तुमान × ३७००. एक हजार कोटी सूर्यांएवढं वस्तुमान धरलं तर ११२ किमी/से येतं. तुमच्या शीटमध्ये ह्याहून कितीतरी पट कमी किंवा जास्त काही आलं, तर एककांचा घोळ आहे. ३७०० च्या जागी मीटर-सेकंदातला आकडा राहून गेला असेल.

६. आता कृष्णपदार्थ

इथे न्यूटन तसाच ठेवायचा आणि हेलोचा, म्हणजे दीर्घिकेभोवतीच्या अदृश्य आवरणाचा वेग वर्गात मिळवायचा. आपल्या ओळीत गुणोत्तर ०.४ असताना हेलोकडून २२,५०० − ८,७४० = १३,७६० हवेत, म्हणजे ११७ किमी/से. हेलोचे दोन प्रकार लावून पाहा.

पहिला, सपाट गाभ्याचा: हेलो वेग² = बाहेरचा वेग² × [१ − (गाभा ÷ त्रिज्या) × आर्कटॅन(त्रिज्या ÷ गाभा)]. दोन खुंट्या: बाहेरचा वेग आणि गाभ्याची त्रिज्या. कोन रेडियनमध्ये.

दुसरा, संगणकी अनुकरणांतून आलेला एनएफडब्ल्यू. त्याच्याही खुंट्या दोनच: वे२०० (हेलोच्या बाहेरच्या हद्दीवरचा वेग) आणि एकवटीचा आकडा ‘स’ (वस्तुमान मध्याकडे किती गोळा झालंय ते). आधी त्या हद्दीची त्रिज्या त्रि२०० = वे२०० ÷ ०.७३ काढा (हबल स्थिरांक ७३ धरून). मग य = त्रिज्या ÷ त्रि२००, आणि फ(म) = नैसर्गिक लॉग(१ + म) − म ÷ (१ + म). शेवटी:

हेलो वेग² = वे२००² × फ(स × य) ÷ [य × फ(स)]

वे२०० = ११० आणि स = १० घेतलं तर त्रि२०० सुमारे १५१ किलोपार्सेक येतं आणि १० किलोपार्सेकवर हेलोचा वेग ११६. दृश्य पदार्थ मिळवला की एकूण १४९. हेही बसलं!

शीटमधलं ‘लॉग’ हे १० च्या पायाचं असतं, इथे ‘एलएन’ लागतं. चूक झाली तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि चौकटीत एरर दिसते. नशीबच म्हणायचं, निदान कळतं तरी. नमपायमध्ये उलट आहे, तिथलं साधं लॉग नैसर्गिकच असतं.

आता मुख्य सापळा. मोजमापं ३०–४० किलोपार्सेकवर संपतात आणि हेलो १५० पर्यंत पसरलेला. त्यामुळे वे२०० आणि स एकमेकांना सांभाळून घेतात: एक वाढवा, दुसरं घटवा, फिट जवळपास तेवढंच राहतं. सायपायला मोकळं सोडलं तर वे२०० हजाराच्या पुढे पळतं आणि स एकच्या खाली जातं. म्हणून मर्यादा घाला. वे२०० साठी २० ते ५००, स साठी २ ते ३०, गुणोत्तरासाठी ०.३ ते ०.७ पुरे. सुरुवातीचे अंदाज १०० आणि १०. उत्तर मर्यादेच्या भिंतीला चिकटलं, तर ते उत्तर धरू नका.

तबकडी आणि हेलो यांच्यातही हीच साटंलोटं चालतात. १९८५ मध्ये वान अल्बाडा आणि सहकाऱ्यांनी एनजीसी ३१९८ वरच हे दाखवून दिलं: तबकडी जास्तीत जास्त जड धरा किंवा कितीतरी हलकी धरा, हेलो जुळवून घेतो आणि वक्र बसतो. म्हणून हेलोचं फिट सुंदर आलं ह्याला पुरावा म्हणून फारसं वजन नाही. ते सुंदर येणारच होतं.

७. फिट वाईट आलं तर कुठे बघायचं

प्रत्येक बिंदूसाठी (मोजलेला − अपेक्षित) ÷ त्रुटी, त्याचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, आणि तिला बिंदूंची संख्या वजा खुंट्यांची संख्या ह्याने भागणं: हा घटित काय-वर्ग. मॉन्डला एक खुंटी, हेलोला तीन, त्यामुळे नुसती बेरीज शेजारी-शेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. बीआयसीसारखा, जादा खुंट्यांचा दंड लावणारा निकषही काढा. तरी १ च्या वर की खाली एवढ्यावर निकाल देऊ नका. शेजारचे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि दिलेल्या त्रुटी काटेकोर सांख्यिकी त्रुटी नव्हेत.

मग सारणी उघडा आणि कल बघा. दुर्बिणीला वेगाचा आपल्या दिशेचा भागच दिसतो, त्याला कलाच्या साइनने भागून खरा वेग काढलेला असतो. कल ७५ अंश असेल आणि तो ५ अंशांनी चुकला, तर वेगात ३ टक्क्यांच्या आत फरक पडतो. कल ३० ऐवजी २५ असेल, तर वेग १८ टक्क्यांनी वाढतो. न्यूटनच्या हिशेबात वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढलं, आणि मॉन्डच्या चौथ्या घातात जवळपास दुप्पट! ३० अंशांखालच्या दीर्घिका सरळ बाजूला ठेवा.

अंतर चुकलं तर गंमत वेगळी. मोजलेला वेग बदलत नाही, त्रिज्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि तबकडी-वायूचे वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे दृश्य त्वरण जसंच्या तसं राहतं आणि मोजलेलं त्वरण घटतं. मॉन्डची संपूर्ण रेषा सगळीकडे सारखीच वर किंवा खाली बसत असेल, तर पहिला संशय अंतरावर घ्या. सिफीड ताऱ्यांवरून (तेज ठरावीक लयीत कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांवरून) काढलेलं अंतर भरवशाचं. फक्त हबल प्रसरणावरून काढलेलं असेल तर जवळच्या दीर्घिकांत मोठी चूक शक्य आहे. सारणीत अंतराची पद्धत दिलेली असते.

अगदी आतल्या एक-दोन बिंदूंवर जीव टाकू नका. मध्यभागी ताऱ्यांचा दांडा असेल तर वायू वर्तुळात फिरत नाही, आणि रेडिओ दुर्बिणीच्या धूसर नजरेत चढता वेग सपाट होऊन जातो.

शीटमध्ये काम करत असाल तर प्रत्येक बदलाआधी प्रत काढून ठेवा. मे महिन्यात लाइन गेली आणि लॅपटॉपही बसला, की कोणतं गुणोत्तर कोणत्या आलेखाचं ते आठवत नाही.

८. निष्कर्षात काय लिहायचं, काय नाही

‘माझ्या दीर्घिकेत मॉन्ड बसला, म्हणून कृष्णपदार्थ नाही’ हे लिहू नका. उलटंही लिहू नका. दीर्घिकांच्या पातळीवर दृश्य पदार्थ आणि त्वरण ह्यांचं नातं फार घट्ट आहे. मॉन्डमध्ये ते आपसूक येतं, कृष्णपदार्थाला ते समजावून सांगावं लागतं. दीर्घिकांच्या समूहांत मात्र मॉन्ड लावूनही सुमारे दुपटीची तूट उरते. २००६ मध्ये गाजलेल्या ‘बुलेट’ समूहात गुरुत्वीय भिंगातून, म्हणजे प्रकाश वाकण्यावरून, कळणारं वस्तुमान तप्त वायूपासून सरकलेलं दिसतं. विश्वाच्या पार्श्वप्रारणातले (महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणातले) चढउतार कृष्णपदार्थाने सरळ बसतात. २०१७ मध्ये एकाच घटनेतल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण दोन सेकंदांच्या आत पोहोचले, म्हणजे दोघांचा वेग जवळपास सारखाच ठरला, आणि बेकेन्स्टाइन यांचा टेव्हेस हा मॉन्डचा सापेक्षतावादी अवतार मूळ रूपात टिकला नाही. दुसऱ्या बाजूला, कृष्णपदार्थाचा कण अजून एकाही प्रयोगशाळेत हाती लागलेला नाही. हा परिच्छेद अहवालात अर्ध्या पानाचा असू द्या, दहा पानांचा नको. तुमचं काम वक्राचं आहे.

तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा ‘०.५ कुठून आणलं?’ हाच येतो. चौथी पायरी नीट केली असेल तर उत्तर हातात आहे. सोबत ०.४, ०.५ आणि ०.६ च्या तीन रेषा एकाच आलेखावर काढून न्या.

९. दुसरी दीर्घिका: डीडीओ १५४

एका दीर्घिकेवर थांबू नका. दुसरी म्हणून ही छोटी, अंधुक दीर्घिका घ्या. वेग जेमतेम ५० किमी/से च्या आसपास, आणि दृश्य वस्तुमानात ताऱ्यांपेक्षा वायूच कितीतरी जास्त. वायूचं वस्तुमान रेडिओ लहरींवरून जवळपास थेट मोजता येतं, त्यामुळे गुणोत्तर ०.४ करा नाहीतर ०.६, रेषा फारशी हलत नाही. मॉन्डच्या हातातली एकुलती खुंटीच निघून गेली. त्यात त्वरणही सगळीकडे ३७०० च्या खूप खाली. एनएफडब्ल्यू इथे आतल्या भागात अडखळतो, कारण त्याची घनता मध्याकडे टोकदार वाढत जाते. सपाट गाभ्याचा हेलो त्याच जागी बरा बसतो. तीनही रेषा एकाच आलेखावर काढा आणि खाली उरलेल्या फरकांची वेगळी पट्टी जोडा. नजर आधी त्या पट्टीवर जाऊ द्या.